सशाच्या चित्राआधी परवान्याची ओळ वाचा

प्रश्न: महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीने प्राण्यांवर चाचणी झालेली कोणतीही वस्तू घरात आणायची नाही असे ठरवले आहे. दुकानात सशाचे चित्र असलेली इतकी वेष्टने दिसतात की खरे कोणते हे समजत नाही. भारतात अशा चाचण्यांवर बंदी आहे असेही ऐकले. मग हा शोध कशासाठी घ्यायचा? कोणत्या वस्तू बदलाव्यात आणि खात्री कशी करावी?

उत्तर: आपण ऐकले ते खरे आहे, परंतु एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा नेमकी कोठे आहे हे लक्षात आले की आपले निम्मे काम होते. प्रसाधने तयार करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची सूत्रे आणि परवान्याची कागदपत्रे पाहण्यात माझी नोकरीतील बहुतेक वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडील ग्राहक लिपस्टिकबद्दल नको तितका शोध घेतो आणि त्याच पिशवीतून घरी येणाऱ्या डासांच्या लिक्विडकडे पाहतही नाही.

आधी बंदीविषयी. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत १४८-सी हा नियम घालण्यात आला आणि सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणताही प्राणी वापरण्यास देशात मनाई झाली. त्याच वर्षी १३५-बी हा दुसरा नियम आला. त्यानुसार १२ नोव्हेंबर २०१४ नंतर प्राण्यांवर चाचणी झालेले प्रसाधन आयात करता येत नाही. पुढे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० असे स्वतंत्र नियम झाले, तेव्हा या दोन्ही तरतुदी त्यांत कायम राहिल्या. त्यामुळे परदेशी कंपनीची क्रीम अधिकृत आयातदारामार्फत येथे विकायची असेल, तर तिच्या नोंदणीच्या कागदपत्रांत तशी हमी द्यावी लागते. युरोपीय महासंघाने हेच टप्प्याटप्प्याने केले आणि ११ मार्च २०१३ रोजी विक्रीवरील बंदी पूर्ण केली. याचा साधा अर्थ असा की भारतात परवाना घेऊन बनवलेल्या काजळाच्या, पावडरीच्या किंवा अंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर ससा छापणारा उत्पादक, कायद्याने त्याला जे करावेच लागते तेच आपला विशेष गुण म्हणून सांगत असतो. तो खोटे बोलत नसतो, पण शेजारच्या बिनसशाच्या काजळापेक्षा त्याचे काजळ या बाबतीत वरचढ ठरत नाही.

मर्यादा येते ती ‘सौंदर्यप्रसाधन’ कशाला म्हणायचे येथे. कायद्याच्या दृष्टीने स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी माणसाच्या शरीरावर चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा लावायची वस्तू म्हणजे प्रसाधन. एखादी वस्तू या व्याख्येत बसते की नाही, हे तिच्या रूपावरून कळत नाही. परवाना कोणत्या कायद्याखाली घेतला आहे यावरून कळते. न्हाणीघरातील एका फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या पाच बाटल्या चार वेगवेगळ्या व्यवस्थांखाली येऊ शकतात. साधा शांपू हे प्रसाधन असते, तर कोंड्यासाठीचा केटोकोनाझोल असलेला शांपू हे औषध असते. अँटिसेप्टिक द्रव आणि हँड सॅनिटायझर यांनाही औषधाचा परवाना लागतो. ‘आयुर्वेदिक औषध’ असे छापलेले केसांचे तेल आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यावर बनते. फरशी पुसण्याचे किंवा कपडे धुण्याचे साधे द्रव यांपैकी कशातच बसत नाही. वर सांगितलेली मनाई यांतल्या केवळ पहिल्या बाटलीला लागू होते. म्हणून वेष्टन हातात घेतल्यावर पुढची बाजू सोडून मागची बाजू पाहावी आणि ‘उत्पादन परवाना क्रमांक’, ‘आयात नोंदणी क्रमांक’ किंवा ‘आयुर्वेदिक औषध’ या बारीक ओळी शोधाव्यात. ज्या वस्तूवर यांपैकी काहीच नाही आणि जी ‘घरगुती’, ‘हाताने बनवलेली’ म्हणून ओळखीतून विकली जाते, तिच्यावरील सशाला काडीचाही अर्थ नाही. असा साबण बनवणाऱ्या ताईंनी कोणत्याही सशाला त्रास दिलेला नसतो हे खरे, पण त्यात कॉस्टिक (साबण बनवताना घातलेला तीव्र क्षार) किती उरले आहे हेही बहुधा कोणी तपासलेले नसते.

आता डासांविषयी, कारण या विषयातील सर्वांत न बोलली जाणारी गोष्ट तेथे आहे. अंगाला लावायची डासरोधक क्रीम औषधांच्या कायद्याखाली येते, पण कॉइल, लिक्विड, मॅट आणि झुरळांचा स्प्रे या सगळ्या वस्तू कीटकनाशके अधिनियम, १९६८ खाली येतात. त्यांची नोंदणी केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे करावी लागते, आणि त्या नोंदणीसाठी घटकाच्या विषारीपणाची माहिती द्यावी लागते. तो घटक तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे गेल्यास काय होते, डोळ्याला व त्वचेला किती दाह होतो, ही माहिती उंदीर आणि सशांवरील चाचण्यांतून आलेली असते. घरातील लिक्विडच्या रिफिलचे खोके एकदा उजेडात धरून पाहावे. एका बाजूला कोनावर उभा केलेला लहान चौकोन दिसेल, आडव्या रेषेने दोन त्रिकोणांत विभागलेला, आणि खालच्या त्रिकोणात एक रंग भरलेला. शेतकरी कुटुंबांना हा चौकोन चांगला परिचयाचा असतो, कारण फवारणीच्या डब्यावर तोच असतो. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्याचे चार रंग आहेत. किती मात्रा तोंडावाटे दिल्यावर चाचणीतील निम्मे उंदीर मरतात, या आकड्यावरून तो रंग ठरतो. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. ‘एलडी-५०’ नावाने ओळखले जाणारे हे मोजमाप १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश संशोधकाने मांडले. त्याची जुनी पद्धत, जिच्यात पुष्कळ उंदीर लागत, ती आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून २००२ मध्ये काढून टाकण्यात आली आणि कमी प्राणी लागणाऱ्या पद्धती तिच्या जागी आल्या. तरीही आपण ‘हिरवा, म्हणजे सौम्य’ असे म्हणून निश्चिंत होतो, तेव्हा तो हिरवा रंग उंदरांच्या जिवावर ठरलेला असतो.

म्हणून डास मारण्याच्या किंवा पळवण्याच्या नोंदणीकृत वस्तूवर ‘क्रूरतामुक्त’ असा शब्द दिसला, तर त्याकडे संशयानेच पाहावे. येथे एक भेद मात्र करायला हवा. आधी नोंदलेल्याच घटकासाठी दुसरी कंपनी अर्ज करते, तेव्हा सगळी माहिती नव्याने तयार करावी लागतेच असे नाही. नव्या चाचण्यांची मोठी मागणी नव्या घटकामुळे निर्माण होते. त्यामुळे डासरोधक वापरायचेच असेल, तर ‘नवे शक्तिशाली सूत्र’ म्हणून मिरवणाऱ्या वस्तूपेक्षा जुन्या, रुळलेल्या घटकाची वस्तू घेणे अधिक सुसंगत ठरते. त्याहून चांगला मार्ग मच्छरदाणीचा, खिडकीच्या जाळीचा आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंप व कुंडीखालच्या बशा रिकाम्या करण्याचा. मात्र डेंग्यूची साथ असताना घरात तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर तत्त्वासाठी डासरोधक बंद करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आयुर्वेदिक परवान्याच्या वस्तूंबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की वनस्पतीजन्य म्हणजे आपोआप निष्पाप. ग्रंथोक्त योगाने, म्हणजे जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतील कृतीने, बनवलेल्या बहुतेक तेलांना आणि लेपांना सुरक्षिततेचा नवा अभ्यास द्यावा लागत नाही. त्या अर्थाने दिवाळीचे उटणे किंवा साधे माक्याचे तेल यांबद्दल काळजीचे कारण नाही. परंतु २०१० मध्ये आलेल्या १५८-बी या नियमाने काही प्रकारांत असा अभ्यास सक्तीचा केला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ‘ई-१’ मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत गुंजा, धोत्रा, बिब्बा, कण्हेर, बचनाग ही आपल्या ओळखीची नावे सापडतात. त्यांपैकी एखादे द्रव्य कंपनीने आपल्या स्वतःच्या योगात घातले, तर सुरक्षिततेचा अभ्यास लागतो, आणि असा अभ्यास प्रसाधनांच्या मनाईच्या कक्षेबाहेर असतो. केस गळण्यावरच्या तेलांत गुंजा आणि धोत्रा यांचा वापर नवीन नाही. त्यामुळे अशा बाटलीवरील घटकांची यादी वाचणे हेच अधिक उपयोगाचे.

कच्च्या मालाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. शांपूमधील फेसाचे द्रव्य, टिकाऊपणासाठी घातलेले रसायन, सनस्क्रीनमधील किरण अडवणारा घटक हे सगळे फक्त प्रसाधनांसाठी बनत नाहीत. ते रंगात, प्लॅस्टिकमध्ये, धुलाईच्या पावडरीतही जातात, आणि तेथे रसायनांच्या सुरक्षिततेचे वेगळे कायदे लागू होतात. युरोपातील रसायनांचा कायदा, ज्याला ‘रीच’ म्हणतात, तो कारखान्यातील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काही चाचण्या मागतो. सिमराइज या जर्मन कंपनीच्या होमोसॅलेट आणि इथाइलहेक्झिल सॅलिसिलेट या दोन सनस्क्रीन घटकांचा वापर प्रसाधनांपुरताच होता. तरीही युरोपीय रसायन संस्थेने त्यांच्यासाठी प्राण्यांवरील चाचण्या मागितल्या, संस्थेच्या अपील मंडळाने २०२० मध्ये ती मागणी उचलून धरली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय महासंघाच्या सामान्य न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. प्रसाधनांच्या कायद्याने ज्या चाचणीला मनाई केली, ती रसायनांच्या कायद्याने मागता येते, असा याचा निष्कर्ष निघतो. तेव्हा ‘युरोपात बनले, म्हणजे निर्धास्त’ हे समीकरण सनस्क्रीनच्या बाबतीत जरा सैलच धरावे.

याच कारणाने आपल्या मुलीला एक गोष्ट आरंभीच सांगावी. जिच्या एकाही घटकाची कधीही, कोठेही, कोणत्याही प्राण्यावर चाचणी झाली नाही अशी प्रसाधनाची बाटली शोधू गेल्यास ती मिळणार नाही. जुने रूढ घटक दशकांपूर्वी सशांच्या डोळ्यांत घालून तपासले गेले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये रूढ केलेली ती चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या चाचण्या मागे घेता येत नाहीत. पुढच्या होऊ नयेत एवढे ग्राहकाच्या हातात असते, आणि विश्वासार्ह चिन्हेही याच तत्त्वावर चालतात.

चिन्हांमध्ये मी ‘लीपिंग बनी’ला सर्वांत जास्त वजन देतो. १९९६ पासूनच्या या मानकात कंपनीला एक ठरावीक तारीख जाहीर करावी लागते, तिच्यानंतर स्वतः किंवा कच्चा माल पुरवणाऱ्याने चाचणी केलेली चालत नाही, पुरवठादारांची लेखी नोंद ठेवावी लागते आणि बाहेरच्या तपासनिसाला ती दाखवावी लागते. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पेटा संस्थेची यादी मुख्यतः कंपनीने सही करून दिलेल्या हमीवर उभी आहे. ती निरुपयोगी नाही, पण दोन्ही सशांना एकाच मापाने मोजू नये. महाराष्ट्रातील वाचकांना पुण्यातील ‘ब्युटी विदाउट क्रुएल्टी – इंडिया’ ही संस्था ठाऊक असेल. १९७४ पासून ती या क्षेत्रात आहे आणि घटकांच्या प्राणिजन्य मुळांविषयी तिच्याकडील माहिती भारतीय बाजारपेठेला धरून असते. या तिन्हींखेरीज दिसणारे कान टवकारलेले निनावी ससे हे बहुतांशी छपाईच्या डिझायनरचे काम असते. हिरव्या ठिपक्याचा तर या प्रश्नाशी संबंधच नाही. तो घटक प्राणिजन्य आहेत की नाहीत एवढेच सांगतो. बिब्बा घातलेले तेल शंभर टक्के शाकाहारी असूनही उंदरांवर तपासलेले असू शकते, आणि मधमाशीचे मेण किंवा मेंढीच्या लोकरीचे लॅनोलिन असलेला ओठांचा मलम कोणत्याही चाचणीविना बनू शकतो. आपल्या मुलीला दोन्ही टाळायचे असतील, तर दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागेल. लाल छटेच्या लिपस्टिकमध्ये ‘सीआय ७५४७०’ हा क्रमांक दिसला, तर तो कोचिनियल किड्यांपासून काढलेला रंग आहे, आणि साबणावरील ‘सोडियम टॅलोवेट’ म्हणजे जनावरांची चरबी.

चीनविषयी बरेच अर्धसत्य फिरते. तेथे पूर्वी विक्रीसाठी प्राण्यांवरील चाचणी सक्तीची होती. २०१४ च्या मध्यात देशात बनणाऱ्या सामान्य प्रसाधनांना सूट मिळाली आणि १ मे २०२१ पासून आयात होणाऱ्या सामान्य प्रसाधनांनाही, उत्पादनाच्या दर्जाचे सरकारी प्रमाणपत्र आणि सुरक्षिततेचे मूल्यमापन सादर केल्यास, सूट मिळू लागली. केसांचा रंग, सनस्क्रीन, गोरेपणाची आणि केसगळतीवरील प्रसाधने मात्र ‘विशेष’ वर्गात राहिली. तेव्हा ‘चीनमध्ये विकते’ एवढ्यावरून कंपनी बाद करू नये. तेथे नेमके काय विकते ते विचारावे.

आणि विचारावेच. कंपनीला ईमेल लिहिणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. ‘तुम्ही प्राण्यांवर चाचणी करता का?’ असे विचारले, तर ‘नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि त्यात काहीच कळत नाही. त्याऐवजी कोणत्या तारखेनंतर तुमच्या वतीने कोणी चाचणी केलेली नाही, कच्चा माल देणाऱ्यांकडून तुम्ही लेखी हमी घेता का, आणि कोणत्याही देशाच्या सरकारला तुमच्या मालावर चाचणी करू देता का, असे विचारावे. उत्तरातील शब्द नीट पाहावेत. ‘आमच्या तयार उत्पादनांची चाचणी प्राण्यांवर होत नाही’ यात घटकांचा उल्लेख टाळलेला असतो. ‘आम्ही चाचणी करत नाही’ यात बाहेरच्या प्रयोगशाळेला मोकळीक असते. ‘कायद्याने आवश्यक असेल तेथे वगळून’ ही तर नेहमीची पळवाट. ज्या कंपनीचे काम चोख असते, ती तारीख सांगते. छोट्या उत्पादकांकडून ‘पुरवठादाराला विचारून कळवतो’ असे उत्तर आले, तरी मी ते प्रामाणिक समजतो.

यावर एक रास्त शंका अशी येते की प्राण्यांवर तपासले नाही, तर ते माणसाला सुरक्षित कशावरून? प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून त्वचेचा वरचा थर वाढवतात. तो नखाएवढा तुकडा लहान कपात जाळीवर बसवलेला असतो. त्यावर द्रव्य घालतात, ठरलेल्या वेळाने धुतात, आणि पेशींना सावरायला अवधी देऊन एका पिवळ्या रंगद्रव्यात ठेवतात. जिवंत पेशी ते रंगद्रव्य जांभळे करतात, मेलेल्या करत नाहीत. रंगाची तीव्रता मोजून जिवंत पेशींचे प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून कमी निघाले, तर ते द्रव्य दाहक ठरते. तयार मालासाठी भारतीय मानकात स्वयंसेवकांच्या त्वचेवर २४ तासांच्या पॅच चाचणीची सोय आहे. सशाच्या त्वचेपेक्षा माणसाच्या त्वचेविषयी माणसाच्या पेशी अधिक सांगतात, हे मला सांगावे लागू नये. संपूर्ण शरीरावर दीर्घकाळ होणाऱ्या परिणामांसाठी अशी सोपी पर्यायी चाचणी अजून नाही, आणि रसायनांचे कायदे नेमके तेथेच अडतात. शिवाय डोळ्यासाठीच्या दोन मान्य पर्यायी पद्धतींत कत्तलखान्यातून आणलेले गायीबैलांचे किंवा कोंबडीचे डोळे वापरतात. काटेकोर शाकाहारी व्यक्तीला हेही माहीत असलेले बरे.

घरात बदल करताना आहे ते फेकून देऊ नये. त्याने एकही प्राणी वाचत नाही. संपेल तसे बदलावे आणि क्रम उलटा लावावा. भारतात बनलेली साधी प्रसाधने शेवटी ठेवावीत, कारण तेथे कायद्याने बरेचसे काम केले आहे. आधी कीटकनाशके पाहावीत, मग धुलाईची आणि सफाईची द्रवे. या दुसऱ्या गटात चिन्ह असलेल्या कंपन्या आपल्याकडे थोड्या आहेत, पण पर्यायही घरचेच आहेत: धुण्याचा सोडा, रिठे, पितळेसाठी चिंच आणि मीठ, काचेसाठी व्हिनेगर. सगळी सफाई यावर होत नाही, कपडे रिठ्याने नीट निघत नसतील, तेथे डिटर्जंट वापरावा. औषधांना मात्र हात लावू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम, डोळ्यांचे थेंब आणि कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रव या निकषावर बदलायच्या वस्तू नाहीत. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशींवर आधारित पद्धतींचा पुरावाही ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली आहे. तो बदल प्रयोगशाळांत व्हायचा आहे, आपल्या न्हाणीघरात नव्हे.

राहता राहिली अमेरिकेतील नातेवाईक बॅगेतून आणतात ती लोशने. व्यक्तिगत वापरासाठी आणलेल्या वस्तूवर आपल्या आयातीच्या नोंदणीचा चाप नसतो, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी २०२० पासून विक्रीवर बंधने घातली असली, तरी संपूर्ण देशाला लागू होणारी बंदी नाही. शिवाय तेथे सनस्क्रीन औषधात गणले जाते. कोणाला काही आणायला सांगायचेच असेल, तर लीपिंग बनीच्या यादीतील नाव आधी कळवावे आणि सनस्क्रीन येथेच घ्यावे.